जोखीम एकाची, ज्ञान सर्वांचे : उपयोजित नीतिविचाराचा आढावा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही बराच काळ इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांतून नीतिशास्त्राचे जे अध्ययन-अध्यापन चालत असे, त्यात नैतिक पदांचा अर्थ काय, नैतिक विधाने सत्य किंवा असत्य असू शकतात की ती केवळ वक्त्याच्या भावनेचा आविष्कार असतात, अशा प्रश्नांचाच ऊहापोह प्रामुख्याने होत असे. आणि अमुक प्रसंगी माणसाने काय करावे हे सांगणे तत्त्वज्ञाच्या अधिकारकक्षेबाहेरचे, धर्मोपदेशकाच्या किंवा वृत्तपत्रकाराच्या वाट्याचे काम आहे, असा त्या मंडळींचा जवळजवळ शिरस्ताच पडून गेला होता. त्याच सुमारास, १९६० साली, सिअॅटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातातील रोहिणी आणि नीला यांना कायम जोडून ठेवणारी एक नळी तयार केली, आणि मूत्रपिंडे निकामी झालेला जो माणूस तोवर थोड्याच दिवसांत दगावत असे, तो डायलिसिसच्या यंत्रावर वर्षानुवर्षे जगू शकेल अशी सोय झाली. यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ, तेव्हा कोणाला जगवावयाचे हे ठरविण्यासाठी तेथे सात जणांची एक समिती नेमण्यात आली. तीत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकेचा अधिकारी होता, गृहिणी होती, कामगारांचा पुढारी होता. १९६२ च्या नोव्हेंबरात शाना अलेक्झांडर या पत्रकर्तीने ‘लाइफ’ नियतकालिकात या समितीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा उमेदवाराचे उत्पन्न किती, त्याला मुले किती, तो चर्चमध्ये जातो की नाही, या गोष्टीही यंत्रावरील हक्क ठरविताना हिशेबात धरल्या जातात हे वाचकांना कळले. समितीतील माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यापुढे आलेल्या प्रश्नाचा विचार करण्याची साधने त्यांना कोणी दिलेली नव्हती, आणि ज्यांनी ती द्यावयाची ते पदांच्या अर्थनिर्णयात गढून गेले होते. वैद्यकाने नीतिशास्त्राचे प्राण वाचविले, असे जे प्रतिपादन स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने पुढे १९८२ साली केले, त्याच्या मुळाशी असल्याच घटना होत्या.

आज ज्याला उपयोजित नीतिशास्त्र म्हणतात त्याचा विस्तार वैद्यकापासून अर्थशास्त्रापर्यंत आणि अभियांत्रिकीपासून संगणकविद्येपर्यंत झाला असून, प्रत्येक शाखेची स्वतःची संहिता, स्वतःची समिती आणि स्वतःची नियतकालिके आहेत. या सर्वांचे समालोचन करताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. जोखीम एकाने सोसावयाची आणि तीतून निपजणारे ज्ञान, वीज, साखर किंवा नफा दुसऱ्याच्या पदरी पडावयाचा, ही परिस्थिती या सर्व शाखांत समान असूनही प्रत्येकीने तिचा विचार आपल्या भिंतीआड केला. आणि ज्याने जोखीम सोसली त्याची स्वतःची कैफियत जेथे विचाराच्या दप्तरी दाखल झाली, तेथेच हा विचार खऱ्या अर्थाने पुढे सरकला.

वैद्यकातील नियमांचा इतिहास हा उघडकीस आलेल्या अपराधांचा इतिहास आहे. न्यूरेंबर्ग येथे जर्मन डॉक्टरांवर चाललेल्या खटल्याच्या निकालात, १९४७ साली, मानवी प्रयोगांविषयीची दहा कलमे नोंदविली गेली व त्यांतील पहिलेच कलम प्रयोगपात्र व्यक्तीच्या स्वेच्छ संमतीचे होते. परंतु ही कलमे नराधमांसाठी आहेत, सज्जन संशोधकांना त्यांची गरज नाही, अशी समजूत अमेरिकेतील वैद्यकविश्वात दीर्घकाळ टिकून राहिली. हार्वर्डमधील भूलतज्ज्ञ डॉ. हेन्री बीचर यांनी १९६६ साली, प्रतिष्ठित संस्थांत झालेल्या बावीस प्रयोगांचे दाखले देऊन, रुग्णांना न कळविता त्यांचे जीव धोक्यात घातले जात असल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला. दुसरा त्याहून दारुण होता. अॅलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून शासकीय आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालविले होते, त्यांपैकी ३९९ जण उपदंशाने पीडित होते, आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यांना ते मिळू दिलेले नव्हते, ही हकिकत १९७२ साली वृत्तपत्रांतून बाहेर आली. पुढे नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७९ साली ‘बेलमाँट अहवाल’ प्रसिद्ध केला व व्यक्तीविषयी आदर, हितसाधन आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. त्याच वर्षी बोशां आणि चिल्ड्रेस यांचा वैद्यकीय नीतितत्त्वांवरील ग्रंथ आला. त्यातील स्वायत्तता, हितसाधन, अहितवर्जन आणि न्याय ही चतुःसूत्री आज जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते.

तोंडपाठ असते, हीच चिंतेची बाब आहे. सूत्रे परस्परांशी भांडू लागली म्हणजे कोणते वरचढ मानावे हे सूत्रे स्वतः सांगत नाहीत, आणि समितीपुढे अर्ज करणारा संशोधक चारही सूत्रांपुढे बरोबरच्या खुणा करून मंजुरीचा कागद घेऊन जातो. त्या राष्ट्रीय आयोगाचे सदस्य आल्बर्ट जॉन्सन आणि आयोगासाठी काम केलेले टूलमिन यांनी नोंदविलेले निरीक्षण या दृष्टीने मोलाचे आहे. आयोगातील सदस्य निरनिराळ्या धर्मांचे व निरनिराळ्या मतांचे होते. विशिष्ट प्रकरणात काय करणे योग्य, यावर त्यांचे बहुधा एकमत होई, आणि ते का योग्य, हे विचारताच त्यांच्यात फाटे फुटत. त्यावरून या दोघांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की नैतिक ज्ञान प्रकरणांत वसते आणि तत्त्वे ही मागाहून काढलेली त्याची टिपणे असतात. मला हे मत तत्त्ववाद्यांच्या मतापेक्षा अधिक ग्राह्य वाटते. मात्र प्रकरणाचा तपशील कोण सांगतो यावर त्याचा निकाल अवलंबून असतो, ही गोष्ट या दोघांनीही पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

तत्त्वज्ञांनी स्वतः या क्षेत्रात पाऊल टाकले ते मुख्यतः १९७१-७२ च्या सुमारास. पीटर सिंगर यांचा दुष्काळ, सुबत्ता आणि नीती यांवरील प्रसिद्ध निबंध त्या वेळी लिहिला गेला, आणि त्याचे निमित्त पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लक्षावधी निर्वासितांची उपासमार हे होते. डबक्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविण्यासाठी कपडे खराब होण्याची पर्वा करू नये, आणि अंतराने कर्तव्य कमी होत नाही, हा त्यातील युक्तिवाद इतका सरळ आहे की त्याला टाळून जाणे आजही कोणाला साधलेले नाही. असे असूनही त्या निबंधात निर्वासित हा केवळ साहाय्याचा विषय आहे. तो कोण, त्याच्यावर ही वेळ कोणामुळे आली, त्याला काय हवे आहे, यांची वार्ता तेथे नाही. प्रतिभावान तत्त्वज्ञही काल्पनिक उदाहरणाच्या मोहात पडला म्हणजे खरा माणूस त्याच्या हातून निसटतो, याचे हे सर्वांत आदरणीय उदाहरण म्हणावे लागेल.

आपल्याकडे या विचाराला पूर्वपीठिका नव्हती असे नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणातच अहिंसा, सत्य, अस्तेय या नियमांचे परस्परविरोधी प्रसंग मांडून नीतिविचाराचा आरंभ पेचातून होतो हे दाखविले आहे. दुष्काळात चांडाळाच्या घरून कुत्र्याचे मांस चोरू पाहणाऱ्या विश्वामित्राचे शांतिपर्वातील आख्यान त्या चर्चेत येते. मला त्या आख्यानात नेहमी असे आढळते, की ज्याच्या घरातील मांस न्यावयाचे तो चांडाळही तेथे गप्प बसलेला नाही. तो ऋषीशी धर्माधर्मावर हट्टाने वाद घालतो, आणि वाद ऐकूनच वाचकाला निर्णय करावा लागतो. प्रत्यक्ष समाजजीवनातील प्रश्नांवर मराठीत हा विचार विद्यापीठांपेक्षा नियतकालिकांनी अधिक केला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवून संततिनियमन, स्त्रीचा आपल्या देहावरील हक्क आणि लैंगिक अज्ञानाची किंमत यांवर जे लिहिले, ते आजच्या परिभाषेत उपयोजित नीतिशास्त्रच होय. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, ही घटना तर वैद्यक, विधी आणि समाजशास्त्र यांच्या त्या काळातील संयोगाची साक्षच आहे.

पुढच्या पिढीत मुंबईने या बाबतीत देशाला वाट दाखविली. १९८० नंतरच्या दशकात गर्भजलपरीक्षेचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा १९८५ च्या सुमारास स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन मोहीम उभारली. तिची फलश्रुती म्हणजे १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा, आणि त्यावरून घडलेला १९९४ चा केंद्रीय कायदा. या मोहिमेचे वैचारिक मोल कायद्याहूनही अधिक होते. १९७१ च्या कायद्याने मिळालेला गर्भपाताचा हक्क राखावयाचा आणि लिंग पाहून केलेला गर्भपात मात्र निषिद्ध मानावयाचा, ही भूमिका वरवर पाहता विसंगत दिसते. विरोधकांनी ती विसंगती हेरून स्त्रीच्या निवडस्वातंत्र्याचाच दाखला दिला. मोहिमेतील स्त्रियांनी उत्तर दिले ते तत्त्वाच्या पातळीवर न देता अनुभवाच्या पातळीवर दिले : दोन मुलींनंतर सासरच्या घरात जिला घराबाहेर काढण्याची धमकी ऐकावी लागते, तिच्या तोंडून निघालेला होकार हा कोणाचा होकार मानावयाचा? स्वायत्ततेच्या सूत्राची इतकी सखोल चिकित्सा त्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यकीय नीतिग्रंथांत क्वचितच आढळेल. १९९३ पासून याच शहरातील काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले, ते आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने चालू आहे. आणि आता ज्या वादाकडे वळावयाचे आहे त्याची महत्त्वाची नोंद त्याच्याच पृष्ठांत सापडते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा गरीब स्त्रियांचा आजार. त्याचे पूर्वरूप वेळीच ओळखले तर तो टळतो. पाश्चात्त्य देशांत पेशीपरीक्षेमुळे त्याचे मृत्यू पुष्कळच घटले होते. परंतु त्या परीक्षेला प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि वारंवार तपासणी लागते, आणि ती व्यवस्था आपल्या ग्रामीण भागात उभी राहिली नव्हती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात दोन मोठे प्रयोग सुरू झाले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगात दीड लाखांवर स्त्रिया होत्या; निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य अॅसेटिक आम्लाचा बोळा लावून, डोळ्यांनी पाहून केली, उरलेल्या निम्म्यांना आरोग्यशिक्षण दिले, तपासणी केली नाही. तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे पुढे दिसून आले. धाराशिव जिल्ह्यातील प्रयोग १,३१,७४६ स्त्रियांवर, गावांचे ५२ समूह पाडून, करण्यात आला. तेथे आम्लाच्या चाचणीने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, या रोगाला कारणीभूत विषाणूची चाचणी मात्र परिणामकारक ठरली : त्या चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, आणि आकाराने थोड्या लहानच असलेल्या नियंत्रण गटात ६४. २००९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर त्यांचे स्वागत झाले.

त्या ६४ स्त्रियांचा प्रश्न नंतर उभा राहिला. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एरिक सूबा यांनी या दोन आणि तमिळनाडूतील तिसऱ्या अशा तिन्ही प्रयोगांतील न तपासलेल्या गटांत मिळून २५४ मृत्यू झाल्याचे दाखवून, परिणामकारक उपाय जगाला ठाऊक असताना कोणालाही तपासणीविना ठेवणे अक्षम्य होते, अशी तक्रार मांडली. संशोधकांचे म्हणणे असे, की देशात तपासणीची कोणतीच योजना नव्हती, तपासणी नियंत्रण गटाला एरवीही मिळाली नसती, उलट जे मिळाले ते एरवीपेक्षा थोडे अधिकच होते. आणि येथील परिस्थितीत चालणारी स्वस्त पद्धत सिद्ध केल्यावाचून शासन एक पैसाही खर्च करणार नव्हते. २०१६ साली केंद्र शासनाने आपल्या मार्गदर्शक सूत्रांत आम्लाची चाचणी स्वीकारली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. याच धर्तीचा वाद १९९७ मध्ये आफ्रिका व थायलंड येथील गर्भवतींवरील एड्सच्या औषधाच्या प्रयोगांवरून पेटला होता, आणि त्यात उपस्थित झालेला मुद्दा येथेही लागू पडतो : ज्याला ‘स्थानिक उपचाराचा दर्जा’ म्हणावयाचे, तो शासनाच्या उपेक्षेने निर्माण झालेला असेल, तर त्या उपेक्षेचाच आधार घेऊन संशोधकाने आपले कर्तव्य मोजावे काय?

माझ्या मते या वादात दोन प्रश्न एकत्र कालविले गेले आहेत आणि ते वेगळे केल्याखेरीज न्याय होणार नाही. नियंत्रण गट असावा की नसावा, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर प्रामाणिक माणसे दोन्ही बाजूंनी देऊ शकतात, आणि संशोधकांनी खर्चाचा व प्रयोगशाळांच्या अभावाचा मांडलेला मुद्दा हलका नाही. पण नियंत्रण गटातील स्त्रीला काय सांगितले गेले, हा दुसरा प्रश्न आहे. या रोगाची पूर्वतपासणी करणारी परीक्षा अस्तित्वात आहे, ती शहरातील रुग्णालयात मिळते, आणि या प्रयोगात ती तुम्हाला मिळणार नाही, ही तीन वाक्ये तिला समजतील अशा भाषेत तिच्यापर्यंत पोहोचली, तरच तिच्या संमतीला संमती म्हणता येईल. हा प्रश्न केवळ या एका प्रयोगाचा नाही. १९९७ साली दिल्लीतील एका जुन्या अभ्यासाविषयी आणि १९८८ च्या चौकशीत न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या रुग्णालयाविषयी जे उघड झाले, त्यातही पूर्वरूप असलेल्या स्त्रियांना पुरेशी माहिती न देता त्यांच्यावर नुसती नजर ठेवली गेल्याचाच आरोप होता. आणि मला वाचावयास मिळालेल्या या सगळ्या वादविवादात, ज्यात डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत, नीतितज्ज्ञ आहेत, तेथे धाराशिव जिल्ह्यातील एकाही स्त्रीची साक्ष नाही. मरण पावलेल्यांची नसणारच; पण त्याच गावांतील ज्या जगल्या, त्यांना कोणी विचारले असते तर प्रकरणाचा तपशील निराळा दिसला असता.

तुलनेसाठी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध झाले, आणि पुढे आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर गेली. तुलनेची गावे येथेही होती; तेथील बालके येथेही दगावली. तरीही या प्रयोगाविषयी माझे मन अधिक निःशंक राहते, याचे कारण असे की, उपचार करणाऱ्या आरोग्यदूत गावातल्याच, थोड्याशाच शिकलेल्या स्त्रिया होत्या, संशोधक त्याच परिसरात राहत होते, आणि ज्ञान ज्यांच्यापासून मिळाले त्यांच्याच हाती ते साधन म्हणून परत गेले. नियंत्रण गटाचे कोडे यामुळे सुटत नाही, पण जोखीम आणि लाभ यांतील अंतर कमी होते.

अर्थशास्त्राने यादृच्छिक प्रयोगाची ही पद्धत वैद्यकाकडून उचलली, २०१९ साली बॅनर्जी, दुफ्लो आणि क्रेमर यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु वैद्यकाने रक्त सांडून शिकलेले धडे पद्धतीबरोबर तितक्या तत्परतेने आले नाहीत. नैरोबीच्या वस्त्यांत पाण्याचे बिल थकविणाऱ्या घरमालकांपैकी काहींची जोडणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तोडण्याचा जो प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात बिल थकविले मालकाने आणि तहान सोसली भाडेकऱ्याने. जोडणी तोडण्याचा अधिकार पाणीपुरवठा कंपनीला होताच, हे लेखकांचे समर्थन धाराशिवच्या ‘एरवीही मिळाले नसते’ या समर्थनाचे सख्खे भावंड आहे. दोन शाखांतील विद्वान एकमेकांचे वाद वाचत असते तर हा युक्तिवाद नव्याने मांडण्याची वेळ आली नसती. संगणकविद्येचीही तीच कथा : २०१२ साली फेसबुकवरील जवळजवळ सात लाख लोकांना दिसणाऱ्या मजकुरातील भावनांचा रंग त्यांच्या नकळत बदलून परिणाम मोजण्यात आला, आणि संमती म्हणून दाखविण्यात आली ती कोणी न वाचलेली नियमावली. या शाखेच्या बाजूने मात्र एक गोष्ट मानली पाहिजे. आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, हे भाकीत करणाऱ्या अमेरिकेतील प्रणालीवर २०१६ साली पक्षपाताचा आरोप झाला, तेव्हा गणितज्ञांनी असे सिद्ध केले, की निष्पक्षतेच्या दोन स्वाभाविक व्याख्या, समूहांतील मूळ प्रमाण भिन्न असताना, एकाच वेळी पाळता येतच नाहीत. कोणती पाळावयाची हे निवडावेच लागते, आणि ती निवड गणिताची नाही. न्यायाच्या चर्चेला इतकी नेमकी देणगी तत्त्वज्ञानानेही अलीकडे दिलेली नाही.

अभियांत्रिकीच्या नीतिग्रंथांचे लक्ष बहुधा धोक्याची सूचना देणाऱ्या अभियंत्यावर खिळलेले असते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान कोसळण्याच्या आदल्या रात्री थंडीत रबरी कड्या दगा देतील असे बजावणारे अभियंते आणि त्यांचे न ऐकणारे व्यवस्थापन, हे त्या शाखेचे आदर्श आख्यान आहे. पण १२ जुलै १९६१ रोजी, काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात भरू दिलेले पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील, किंवा १९८४ च्या डिसेंबरात वायू गळालेल्या भोपाळच्या कारखान्याभोवतालच्या वस्तीतील माणसांना त्या आख्यानात जागा कोठे? त्यांनी जोखीम पत्करलेली नव्हती. ती त्यांच्यावर टाकलेली होती. धरणाच्या भिंतीचा प्रश्न अभियंत्याचा आणि बुडणाऱ्या गावाचा प्रश्न महसूल खात्याचा, अशी वाटणी करून आपण मोकळे झालो. मुळशी धरणाविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह करून ही वाटणी नाकारली होती, परंतु विद्येच्या दरबारी त्यांचे म्हणणे रुजू होण्यास बराच काळ जावा लागला.

ते रुजू करण्यात इरावती कर्वे यांचा वाटा मोठा आहे. १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये वंशवादी मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीचा अभ्यास करीत असताना, वंश आणि ती असममिती यांचा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष त्यांनी आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध नोंदविला होता. मापे खरी असतील तर निष्कर्ष खरा लिहिला पाहिजे, हा विद्यार्थिदशेतला बाणा पुढे कोयनेच्या विस्थापितांपर्यंत पोहोचला. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. पुनर्वसित कुटुंबांकडे जाऊन, त्यांचे काय गेले आणि त्यांना काय मिळाले हे त्यांनाच विचारणारा हा अभ्यास नीतिशास्त्राचे नाव कोठे घेत नाही. तरी विकासाच्या नीतीवर मराठी विद्वत्तेने दिलेला हा एक अव्वल ग्रंथ आहे असे मी मानतो. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचा अंमल कसा झाला हे कोयनेची आजची तिसरी पिढी सांगू शकेल.

शुश्रूषेच्या नीतीचा विचार कॅरोल गिलिगन यांच्या १९८२ च्या ग्रंथापासून मानसशास्त्रातून पुढे आला, आणि न्यायालयात त्याची कसोटी लागली ती आपल्याकडे. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अचेतनप्राय अवस्थेत खाटेवर होत्या. त्यांना अन्न भरविणे थांबवावे, अशी याचिका त्यांच्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी केली; ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबविण्याचे तत्त्व मान्य केले आणि या प्रकरणात मात्र नकार दिला. नकाराचे मुख्य कारण पाहण्याजोगे आहे. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार नात्यावरून किंवा कळकळीवरून न ठरविता, सदतीस वर्षे रोज अंग पुसणाऱ्या, भरविणाऱ्या, कूस बदलणाऱ्या परिचारिकांना तो न्यायालयाने दिला, आणि त्यांना ती जगावयास हवी होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने शानबाग यांचा अंत झाला. तिला स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते, हा आक्षेप खरा आहे, आणि तो दूर करण्यासाठीच २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तरीही स्वायत्तता आणि शुश्रूषा यांच्या दाव्यांत इतक्या उघडपणे निवाडा करणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात ते सिंगर यांच्या डबक्याइतकेच शिकविले गेले पाहिजे.

शेवटी एका अशा प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे, जे कोणत्याही एका शाखेच्या समितीच्या कक्षेत येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ साली पुढे आले, तेव्हा शासनाने पाहणी केली; ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, ‘पिशवी काढलेली’ होती. ऊसतोडीचा हिशेब नवरा-बायको मिळून एक कोयता असा धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दुखणे आले, पाळी आली, म्हणून एक दिवस कामावर न गेल्यास खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. पाचटाच्या खोपीत पाणी नाही, आडोसा नाही. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात जावे तर पिशवीला सूज आहे, कर्करोग होईल, काढून टाका, असे ऐकावे लागते. वैद्यकीय नीती येथे डॉक्टरला विचारील की शस्त्रक्रिया आवश्यक होती काय आणि संमती घेतली होती काय; श्रमाचे अर्थशास्त्र मजुरीचा दर आणि उचलीचे व्याज मोजील; विधिज्ञ किमान वेतनाचे व कंत्राटी मजुरीचे कायदे उघडतील; स्त्री-अभ्यासाचे विद्वान पाळी आणि उत्पादकता यांच्या गणितावर बोट ठेवतील. प्रत्येकाचा निष्कर्ष आपल्या मर्यादेत बरोबर असेल, आणि तो ज्याच्या त्याच्या नियतकालिकात छापून येईल. पण तिशी न ओलांडलेल्या त्या बाईने आपला होकार दिला तो टेबलावर नव्हे, फडात दिला होता. आणि ही सर्व मंडळी तिला मध्ये बसवून, तिच्या जबानीवरून, एकत्र तपासाला लागतील तेव्हा त्यांना आरंभी मागवावा लागणारा दस्तऐवज रुग्णालयातील संमतीपत्र नसेल, त्या हंगामाआधी मुकादमाच्या वहीत लिहिलेली उचल असेल.